एक शब्द, अनेक अर्थ : इंग्रजीतील 'ॲज'

इंग्रजीतील जे शब्द लहान आणि नित्याचे, त्यांचेच मराठी करणे बहुधा कठीण जाते. 'ॲज' हे उभयान्वयी अव्यय अशा शब्दांत अग्रगण्य म्हणावयास हरकत नाही. इंग्रजी अक्षरे अवघी दोन. परंतु काळ, कारण, रीत, तुलना, प्रमाण, नाते, इतकेच नव्हे तर विरोधसुद्धा हा शब्द दाखवितो. राज्याच्या कारभारासाठी महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अस्तित्वात आला, तरी केंद्राची परिपत्रके, वरिष्ठ न्यायालयांचे निर्णय आणि बँकांची पत्रे आजही पुष्कळदा इंग्रजीतून येतात. त्यांचा आशय मराठीत उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाची या शब्दाशी गाठ पडते.

जुन्या इंग्रजीत 'अगदी तसे' अशा अर्थाचा एक जोडशब्द होता. त्यापासूनच 'ऑल्सो' हा शब्द आला आणि तोच उच्चारात झिजत जाऊन 'ॲज' झाला. म्हणजे या शब्दाचा मूळ अर्थ सारखेपणाचा. बाकीचे अर्थ त्याला पुढे फुटलेले धुमारे होत.

मराठीत त्याच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द 'म्हणून' हा आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. 'पाऊस होता म्हणून सभा झाली नाही' यात तो कारण सांगतो, तर 'शिक्षक म्हणून नेमणूक झाली' यात नाते सांगतो. 'ॲज' ही दोन्ही कामे करतो. 'ही स्पोक ॲज सरपंच' याचे मराठी 'ते सरपंच म्हणून बोलले' असे होईल. 'सरपंचासारखे बोलले' असे नव्हे. सारखेपणा दाखविण्यासाठी इंग्रजीत तेथे 'लाइक' येतो. पहिल्या वाक्यातील वक्त्याच्या बोलण्यामागे पदाचा अधिकार आहे. दुसऱ्यात केवळ अधिकाराचा आव असू शकेल.

खरी अडचण काळ आणि कारण यांच्या सरमिसळीची आहे. 'ॲज द मेंबर्स वेअर लीव्हिंग, द चेअरमन क्लोज्ड द मीटिंग' हे वाक्य पाहावे. सदस्य निघून जात असताना अध्यक्षांनी सभा संपविली, की ते जाऊ लागल्यामुळे संपविली? पहिला अर्थ घेतला तर कामकाज उरकले होते आणि मंडळी उठत होती, एवढेच समजते. दुसरा घेतला तर गणपूर्तीचा प्रश्न उभा राहतो आणि शेवटच्या ठरावाविषयी शंका येऊ शकते. इंग्रजी वाक्य दोन्ही अर्थ पोटात ठेवून स्वस्थ बसते. मराठी लिहिणाऱ्याला मात्र 'असताना' किंवा 'मुळे' यांतील एक निवडावेच लागते. अशा वेळी मागचापुढचा मजकूर पाहावा. तेवढ्याने उलगडा न झाल्यास ज्या कार्यालयाकडून पत्र आले त्याला विचारावे. अंदाजाने निवड करून इतिवृत्त लिहिणे धोक्याचे.

शब्दाची जागा बदलली की अर्थ कसा उलटतो, हे विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवावे. 'ॲज ही वॉज पुअर' म्हणजे 'तो गरीब असल्यामुळे'. 'पुअर ॲज ही वॉज' म्हणजे 'तो गरीब असूनही'. शब्द तेच, फक्त 'पुअर' पुढे आला आणि कारणाचा विरोध झाला.

नकारार्थी वाक्यात तर अधिकच सावध राहिले पाहिजे. 'द क्लार्क डिड नॉट पे द बिल ॲज डायरेक्टेड.' देयक देऊ नये असा निदेश होता व लिपिकाने तो पाळला, की द्यावे असा निदेश होता व त्याने तो मोडला? लेखापरीक्षणात एका अर्थाने तो निर्दोष ठरतो, तर दुसऱ्या अर्थाने त्याच्याकडून खुलासा मागितला जातो. इंग्रजीत स्वल्पविरामाने काही अंशी उलगडा होतो. पण 'निदेशाप्रमाणे देयक दिले नाही' असे मराठी केले तर तीच संदिग्धता जशीच्या तशी आपल्या घरात येते. येथे वाक्य मोडून दोन करावीत : 'देयक देऊ नये असा निदेश होता. त्यानुसार ते दिले नाही.' चार शब्द वाढले तरी बिघडत नाही.

आणखी काही प्रयोग ठराविक साच्याचे आहेत. 'ॲज मेनी ॲज ४०' म्हणजे 'तब्बल ४०'. तेथे 'जितके-तितके' घालण्याचे कारण नाही. 'ॲज अँड व्हेन' याला 'निधी जसजसा मिळेल तसतसा' ही रचना शोभते. कायद्याच्या मराठीत 'ॲज द केस मे बी' यासाठी 'यथास्थिति' रूढ आहे. लिलावाच्या सूचनेतील 'ॲज इज, व्हेअर इज' याचे मराठी 'आहे तेथे व आहे त्या स्थितीत' असे करावे. कारण वस्तूतील दोषांसह ती घेण्याची जोखीम खरेदीदारावर आहे, हे त्याला बोली बोलण्यापूर्वीच कळावयास हवे.

पंचायत सदस्यांना जवळचे असे एक उदाहरण राज्यघटनेतच आहे. ग्रामपंचायतींविषयीच्या अनुच्छेद ४० च्या इंग्रजी पाठात 'ॲज' दोनदा येतो. पहिला 'सच' या शब्दाशी जोडलेला आहे : पंचायतींना द्यावयाचे अधिकार 'जे आवश्यक असतील असे'. दुसरा नाते सांगतो : पंचायतींनी स्वराज्याचे घटक 'म्हणून' काम करावे. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३ छ मध्येही हीच जोडरचना आहे; मात्र तेथे 'घटक' या अर्थाच्या शब्दाच्या जागी 'संस्था' या अर्थाचा शब्द आहे. पहिल्या 'ॲज'ने अधिकारांचे माप गरजेशी बांधले आणि ती गरज कोणती, हे दुसऱ्याने ठरविले. कोणता अधिकार पंचायतीकडे असावा, हा वाद जेव्हा निघतो तेव्हा तो या दोन लहान शब्दांच्या मधल्या जागेतच चाललेला असतो.