दिव्यांगत्वाच्या नोंदी: हेतू, संमती आणि खासगीपणा

शासनाच्या बहुतेक नोंदी माणसाकडे काय आहे याची चौकशी करतात. जमीन किती, उत्पन्न किती, घर पक्के की कच्चे, एवढ्यावर त्या थांबतात. दिव्यांगत्वाची नोंद मात्र शरीर आणि मन यांच्यापर्यंत पोहोचते, आणि आंघोळीला कोणाची मदत लागते का, लघवी-शौचावर ताबा राहतो का, झटके येतात का, मानसोपचाराची औषधे चालू आहेत का, असे प्रश्न तीत असतात, ज्यांची उत्तरे अनेकांनी सख्ख्या नातेवाइकांनाही कधी दिलेली नसतात. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 या कायद्याने ते 21 केले आणि त्यांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल यांसारख्या, पाहणाऱ्याच्या सहज लक्षात न येणाऱ्या अवस्थाही आल्या. हा विस्तार न्याय्यच आहे, कारण त्यामुळे आजवर वगळलेल्या अनेकांना हक्क मिळाले. परंतु त्याचबरोबर, जी गोष्ट एरवी कोणाला कळली नसती ती कागदावर येऊ लागली, हेही खरे आहे. सिकलसेल आनुवंशिक असल्यामुळे एका मुलाची नोंद त्याच्या भावंडांविषयीही काही सांगून जाते, आणि आम्लहल्ल्यातून आलेल्या दिव्यांगत्वाची नोंद एका गुन्ह्याचीही खूण बाळगते.

या नोंदी दोन जातींच्या असतात आणि त्यांतील फरक माहिती देणाऱ्याला ठाऊक असणे अत्यंत महत्त्वाचे आहे. पहिली प्रशासकीय नोंद, म्हणजे प्रमाणपत्र, वैश्विक ओळखपत्र अर्थात यूडीआयडी कार्ड, निवृत्तिवेतन किंवा अनुदान यांसाठी केलेली नोंद. तिच्यात नाव असणे अपरिहार्य असते, कारण लाभ विशिष्ट माणसालाच द्यायचा असतो. दुसरी संशोधन-नोंद, म्हणजे किती लोकांना कोणती अडचण आहे आणि ती का आहे हे समजून घेण्यासाठी गोळा केलेली माहिती. तिला बहुधा नावाची गरज नसते, आणि असलीच तर माहिती तपासून होईपर्यंतच असते. धोका उद्भवतो तो एकाच भेटीत, एकाच अर्जावर, एकाच कार्यकर्तीकडून दोन्ही नोंदी भरून घेतल्या जातात तेव्हा. कारण अशा वेळी संशोधनाला नकार दिला तर अनुदान अडेल, अशी भीती बोलून न दाखवताही निर्माण होते आणि त्या भीतीपोटी दिलेल्या होकाराला संमती म्हणणे कठीण आहे.

माहिती एका हेतूने घेतली जावी आणि दुसऱ्याच हेतूने वापरली जावी, याचे सर्वांत भयंकर उदाहरण जर्मनीच्या इतिहासात आहे. 18 ऑगस्ट 1939 च्या एका गोपनीय परिपत्रकाने तेथील डॉक्टर आणि सुइणी यांना जन्मजात व्यंग असलेल्या बालकांची माहिती कळवणे बंधनकारक केले, आणि त्याचे कारण म्हणून जन्मजात व्यंगे व बौद्धिक वाढीतील उणिवा यांविषयीच्या शास्त्रीय प्रश्नांचा उलगडा करण्याचा हेतू पुढे केला. त्याच वर्षी मनोरुग्णालयांना आणि संगोपनगृहांना छापील नोंदपत्रके गेली. त्यांत निदान, संस्थेतील वास्तव्याचा काळ आणि काम करण्याची क्षमता विचारली होती, आणि ती भरणाऱ्या कित्येकांना हे नियोजनासाठीचे साधे सर्वेक्षण वाटले. काहींनी तर कामाचे रुग्ण मजुरीसाठी हिरावले जाऊ नयेत म्हणून त्यांची क्षमता मुद्दाम कमी लिहिली, आणि नेमके तेच लिहिणे त्या रुग्णांच्या जिवावर बेतले. याच पत्रकांवरून माणसे निवडली गेली आणि ऑगस्ट 1941 पर्यंत सहा केंद्रांत 70,000 हून अधिक जणांना विषारी वायूने मारण्यात आले. आजच्या भारतातील एखाद्या सर्वेक्षणाशी या घटनेची बरोबरी करणे चुकीचे ठरेल. तरीही नोंद करणाऱ्या हाताचा प्रामाणिकपणा हे नोंदीच्या सुरक्षिततेचे पुरेसे तारण नसते, एवढी गोष्ट तीतून निर्विवादपणे कळते. त्याच देशाच्या घटनात्मक न्यायालयाने 15 डिसेंबर 1983 रोजी जनगणनेविषयीच्या निकालात, स्वतःच्या माहितीचे काय व्हावे हे ठरवण्याचा हक्क व्यक्तीचा आहे असे सांगितले, आणि भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला.

भारतीय कायद्यातील याविषयीची सर्वांत नेमकी तरतूद मात्र फारशी कोणाला माहीत नसते. 2016 च्या अधिनियमाच्या कलम 6 मधील दुसऱ्या उपकलमानुसार, दिव्यांग व्यक्तीला समजेल अशा माध्यमातून आणि स्वरूपात माहिती देऊन तिची मुक्त व सुजाण संमती घेतल्याशिवाय, तसेच शासनाने नेमलेल्या दिव्यांगत्व संशोधन समितीची पूर्वपरवानगी असल्याशिवाय, तिला कोणत्याही संशोधनाचा विषय करता येत नाही. शिवाय या समितीचे निम्म्याहून कमी नसतील इतके सदस्य स्वतः दिव्यांग किंवा नोंदणीकृत संस्थांचे सभासद असावे लागतात. सुजाण संमती म्हणजे काय विचारले जाणार, कशासाठी, माहिती कोण पाहणार आणि नकार दिल्यास काय होणार, हे सारे कळल्यानंतर दिलेली संमती. हे उपकलम क्रूर व अमानुष वागणुकीपासून संरक्षण देणाऱ्या कलमाचाच भाग आहे; म्हणजे संमतीशिवाय केलेले संशोधन कायदेमंडळाने किती गंभीर मानले, हे त्याच्या स्थानावरूनच उमगते.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 याच्याकडून याहून अधिक अपेक्षा ठेवणे मात्र धोक्याचे आहे. आरोग्यविषयक माहितीचा वेगळा, अधिक संवेदनशील वर्ग या कायद्याने केलेला नाही. आणि संशोधन किंवा सांख्यिकी यांसाठीच्या वापराला, त्यातून विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेतला जाणार नसेल आणि ठरवून दिलेली मानके पाळली जाणार असतील तर, त्याने सूट दिली आहे. त्याच कायद्याचे कलम 9 बालकांना आणि कायदेशीर पालक असलेल्या दिव्यांग व्यक्तींना एकाच ओळीत बसवते व दोघांसाठीही पालकाची संमती मागते. 2016 चा अधिनियम सज्ञान दिव्यांग व्यक्तीला स्वतःचे निर्णय घेणारी व्यक्ती मानतो आणि पालकत्व हवेच असेल तर ते मर्यादित, म्हणजे ठरावीक निर्णयापुरते, ठरावीक काळापुरते आणि तिच्याशी विचारविनिमय करून चालणारे असावे असे सांगतो. त्याच्या शेजारी हे कलम ठेवले की विसंगती लपत नाही. सज्ञान मुलाच्या किंवा मुलीच्या वतीने आई-वडिलांनी सही करणे घरोघरी स्वाभाविक मानले जाते, परंतु कायदेशीर पालकत्व रीतसर मिळालेले नसेल तर ती सही संमतीची जागा घेऊ शकत नाही, आणि मिळालेले असले तरी त्या व्यक्तीला विचारण्याचे कर्तव्य संपत नाही.

नाव काढून टाकले की माहिती निनावी झाली, हा समज सर्वांत जास्त घात करतो. 1990 च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात शासकीय कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावे वगळून संशोधकांना उपलब्ध करून दिल्या गेल्या. तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या लतान्या स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी 20 डॉलरला विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग व टपाल-संकेतांक जुळवून राज्याचे तत्कालीन गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली. भारतीय खेड्यात तर मतदारयादीचीही गरज भासत नाही. दीड हजार वस्तीच्या गावात विशिष्ट वयाची आणि विशिष्ट दिव्यांगत्व असलेली स्त्री एकच असण्याची शक्यता मोठी असते, आणि ती कोण हे गाव आधीपासून जाणते. गावाला माहीत नसतो तो केवळ तिच्या नोंदीतला पुढचा रकाना.

अशाच एका गावातील कुटुंबाला आलेला अनुभव या संदर्भात बोलका आहे. घरी आलेल्या सर्वेक्षकाला त्या कुटुंबातील आईने, माहिती गुप्त राहील या आश्वासनावर, मुलीला मानसिक आजारासाठी काही वर्षे औषधे चालू असल्याचे सांगितले, कारण औषधांचा खर्च आणि शहरातल्या फेऱ्या कोणीतरी मोजाव्यात असे तिला मनापासून वाटत होते. पुढे निघालेल्या अहवालात एकही नाव नव्हते, पण गावनिहाय तक्त्यात मानसिक आजार, स्त्री, 20 ते 24 वयोगट या चौकटीत 1 हा आकडा होता. अहवालाची प्रत गावात पोहोचली, ओळख पटायला वेळ लागला नाही, आणि धाकट्या बहिणीसाठी चाललेली स्थळाची बोलणी कारण न देता थांबली. नियमांच्या अक्षराप्रमाणे येथे कोणी काही फोडले नव्हते. त्या घराने त्यानंतर कोणत्याही पाहणीला उत्तर दिले नाही, आणि त्या मुलीच्या औषधांचा खर्च त्यापुढच्या कोणत्याही आकडेवारीत आला नाही.

या अनुभवावरून माहिती देणाऱ्यांनी काही गोष्टी आधीच ठरवून ठेवणे इष्ट आहे. दारात आलेल्या व्यक्तीला प्रथम हे विचारावे की ही जनगणना आहे, योजनेची पडताळणी आहे की संशोधन. जनगणना अधिनियम, 1948 प्रमाणे जनगणनेच्या प्रश्नांना उत्तर देणे बंधनकारक आहे, परंतु त्याच कायद्याचे कलम 15 वैयक्तिक नोंदी पाहण्याचा अधिकार इतरांना देत नाही. संशोधनात मात्र नकार देण्याचा, एखादा प्रश्न सोडण्याचा आणि मध्येच थांबण्याचा पूर्ण अधिकार असतो व त्यामुळे कोणताही लाभ बंद करता येत नाही. संशोधन असेल तर समितीच्या परवानगीचे पत्र पाहावे, आणि आधार किंवा यूडीआयडी क्रमांक कशासाठी लागतो असे स्पष्ट विचारावे, कारण हा क्रमांक हीच वेगवेगळ्या नोंदी एकमेकींना जोडणारी कडी असते. आधारची प्रत द्यावीच लागली तर शेवटचे चार अंकच दाखवणारी प्रत द्यावी आणि प्रमाणपत्राच्या छायाप्रतीवर ती कोणत्या कामासाठी, कोणत्या तारखेला दिली हे आडवे लिहावे.

संभाषण कोठे होते याकडेही तितकेच लक्ष हवे. ओसरीवर शेजारीपाजारी जमलेले असताना, किंवा प्रश्न विचारणारी कार्यकर्ती त्याच गावची, कदाचित नात्यातली असताना, गोपनीयतेचा छापील मजकूर निरुपयोगी ठरतो. अशा वेळी आत बसून बोलू किंवा दुसऱ्या कोणाला पाठवा, असे म्हणण्यात उद्धटपणा नाही. कर्णबधिर व्यक्तीचे उत्तर शेजाऱ्याच्या खुणांतून घेतले जाऊ नये, तिने सांकेतिक भाषेच्या दुभाषाची मागणी करावी. अंध व्यक्तीने संमतीपत्र संपूर्ण वाचून घेतल्याशिवाय किंवा ब्रेल अथवा ध्वनिमुद्रित स्वरूपात मिळाल्याशिवाय अंगठा उमटवू नये. शिबिरांत साहित्यवाटपाच्या वेळी काढली जाणारी आणि लगेच व्हॉट्सॲपवर फिरणारी छायाचित्रे हा तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. येथे एवढेच म्हणता येईल की तीनचाकी सायकल स्वीकारणे म्हणजे छायाचित्राला संमती देणे नव्हे.

ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील दिव्यांगांसाठी राखीव 5 टक्के निधीचे वाटप नीट झाले की नाही हे गावाला कळायला हवे, आणि 2024 मध्ये बनावट प्रमाणपत्रांचा प्रश्न ऐरणीवर आल्यापासून पडताळणीची मागणी वाढली, तीही रास्त आहे. परंतु फलकावर किती जणांना किती रक्कम मिळाली हे लिहिणे पुरेसे असताना प्रत्येकाच्या नावापुढे दिव्यांगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी लिहिण्याने पारदर्शकतेत कोणतीही भर पडत नाही, आणि प्रमाणपत्राची सत्यता तपासण्याचे काम सक्षम वैद्यकीय प्राधिकरणाचे आहे, चावडीचे नाही.

खासगीपणाचा आग्रह धरताना मोजणीलाच विरोध होऊ नये, हेही तेवढ्याच आस्थेने सांगितले पाहिजे. 2011 च्या जनगणनेत भारतात 2.68 कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या 2.21 टक्के, दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. घरातील दिव्यांगत्व लपवण्याची प्रवृत्ती पाहता हा आकडा अपुरा आहे असे मानायला जागा आहे, आणि लपवण्यामागे लाजेइतकाच अविश्वासही असतो. गुप्तता दुसऱ्या बाजूनेही अन्याय करू शकते: जर्मनीत मारल्या गेलेल्या त्या रुग्णांची नावे, नातेवाइकांच्या खासगीपणाचा विचार करून, दीर्घकाळ उघड केली गेली नाहीत, आणि तेथील संघराज्य अभिलेखागाराने नावांची यादी सर्वांसाठी खुली केली ती 2018 मध्ये. म्हणजे नाव झाकावे की सांगावे याचे उत्तर सर्वकाळ एकच नसते. ते नाव ज्याचे आहे त्याच्या हिताच्या बाजूने ठरावे लागते.

संशोधकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या हातात असलेली काळजी तुलनेने साधी आहे. नाव-पत्ता आणि उत्तरे पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवून दोहोंना जोडणारी सांकेतिक यादी तिसऱ्याच ठिकाणी कुलूपबंद असावी व काम संपल्यावर ठरलेल्या तारखेला नष्ट करावी. सर्वेक्षकाच्या स्वतःच्या मोबाइलवर एकही अर्ज राहू नये. गावपातळीचे तक्ते शक्यतो काढूच नयेत, आणि काढल्यास ठरावीक संख्येहून लहान आकडे शेजारच्या गावांत किंवा वयोगटांत मिळवून दाखवावेत. मात्र एकच चौकट झाकून ओळीची बेरीज तशीच ठेवली तर साध्या वजाबाकीने लपवलेला आकडा बाहेर येतो, म्हणून तिच्यासोबत आणखी एक चौकट झाकावी लागते. तक्ता छापण्यापूर्वी तो त्या तालुक्यातील दिव्यांग संघटनेच्या एखाद्या जाणत्या कार्यकर्त्याला दाखवावा, आणि वाचता वाचता त्याला एखाद्या चौकटीतील व्यक्ती कोण हे ओळखू आले, तर ती चौकट अहवाल छापायला जाण्याआधी दुसरीत मिळवून टाकावी.