'पर्यंत' आणि 'मादे'

रोमन लिपीतील एम, ए, डी, ई ही चार अक्षरे या क्रमाने समोर आली की आपल्या भागातला कोणीही ती 'मेड' अशीच वाचणार. उल्हासनगरात तर त्यांना एक इतिहासच आहे. इथे तयार झालेल्या मालावर 'मेड इन यूएसए' असे छापत आणि विचारणाऱ्याला यूएसए म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असे सांगत, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेली आहे. त्यामुळे जपानी भाषेच्या पहिल्याच पुस्तकात रोमन लिपीत ती चार अक्षरे दिसली तेव्हा मी वर्गात खणखणीत आवाजात 'एकि मेड' असे वाचले. सगळा वर्ग हसला. आमच्या सेन्सेई (जपानीत शिक्षकांना असेच म्हणतात) मात्र हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर 'एकि मादे' असे लिहिले आणि त्याखाली लिहिले, 'स्टेशनपर्यंत'.

हा लेख त्या एका 'मादे'विषयी आहे. एवढ्याशा शब्दावर लेख कशाला, असे कोणाला वाटेल. पण याच शब्दापायी मी एका सज्जन गृहस्थाला अडचणीत आणले होते. ती हकीकत पुढे येईलच.

प्रथम शब्दाची जात पाहू. जपानीत नामाच्या मागे लागून त्याचा वाक्याशी संबंध दाखवणाऱ्या लहान शब्दांना 'जोशि' म्हणतात. 'जो' म्हणजे साहाय्य, 'शि' म्हणजे शब्द. आपली विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये मिळून जे काम करतात ते तिथे जोशि करतात. इंग्रजीत असे शब्द नामाच्या आधी येतात. मराठीप्रमाणे जपानीत ते नामानंतर येतात. म्हणून 'कल्याणपासून बदलापूरपर्यंत' हे 'कल्याण कारा बदलापूर मादे' असे शब्दाला शब्द ठेवून सांगता येते. एक सोय तर मराठीहूनही अधिक आहे. आपल्याकडे 'पर्यंत' लागताना नामाचे सामान्यरूप होते, 'घर'चे 'घरा' आणि 'गुडघा'चे 'गुडघ्या' होते. जपानी नाम जसेच्या तसे राहते.

फलाटावर आपण रोज जो प्रश्न विचारतो, 'ही गाडी कुठपर्यंत आहे हो?', तो जपानीत 'दोको मादे देसु का' असा होतो. 'दोको' म्हणजे कुठे. आणि त्याचे आपल्या बदलापूरकरांना नको असलेले उत्तर, 'अंबरनाथपर्यंतच आहे', याचे रूप मोठे मजेदार आहे: 'अंबरनाथ मादे शिका इकिमासेन.' 'शिका' हा मर्यादा आवळणारा जोशि, आणि त्याच्यासोबत क्रियापद नकारार्थीच हवे. 'अंबरनाथपर्यंत, त्यापलीकडे जात नाही' असा तो घाट. आपण 'च' लावून जे होकारात म्हणतो ते जपानी माणूस नकारात म्हणतो. संध्याकाळी सहाच्या गर्दीत मला जपानी पद्धत अधिक प्रामाणिक वाटते.

मराठी 'पर्यंत' हा संस्कृत 'परि' आणि 'अंत' यांतून आला. मूळ अर्थ कडा, सीमा. 'मादे'साठी एक चित्राक्षर आहे आणि त्यात चालण्याचे चिन्ह आहे, पण व्यवहारात हा शब्द हिरागाना लिपीतच लिहितात. आठव्या शतकातील 'मान्योशू' या काव्यसंग्रहात हाच जोशि काही ठिकाणी 'दोन हात', 'डावा-उजवा हात' अशा अर्थाच्या चित्राक्षरांनी लिहिलेला आढळतो, कारण 'दोन्ही हात' या अर्थाच्या जुन्या शब्दाचा उच्चार त्याच्या जवळचा होता. ही लेखनातली कोटी आहे, व्युत्पत्ती नव्हे. तरी ते वाचल्यापासून 'मादे' म्हटले की मला दोन हात पसरून 'इथपासून इथपर्यंत' दाखवणारी कोळीण डोळ्यांसमोर येते.

आता क्रियापदाकडे वळू. उदाहरण आपल्याच परिसरातले घेते. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, सुमारे १०५० प्रवाशांना सुखरूप बाहेर काढण्यात आले. त्या दिवसाविषयी जपानीत चार वाक्ये लिहिण्याचा सराव मी केला होता. 'पाणी गुडघ्यापर्यंत आले' हे सोपे गेले: 'मिझु गा हिझा मादे किता.' पुढचे वाक्य होते, 'मदत येईपर्यंत लोकांनी वाट पाहिली.' माझ्या शेजारच्या मुलाने आधी ते मनात इंग्रजीत मांडले, तिथे मदत 'आली' असा भूतकाळ सापडला, आणि त्याने 'किता मादे' असे लिहिले. ते चूक. जपानीत 'मादे'च्या आधी क्रियापदाचे कोशातले साधे रूपच येते, घटना घडून कितीही काळ लोटलेला असो: 'तासुके गा कुरु मादे माचिमाशिता.' मी मात्र बरोबर लिहिले होते आणि त्यात माझे काही कर्तृत्व नव्हते. मराठीतही आपण 'आलीपर्यंत' म्हणत नाही, 'येईपर्यंत'च म्हणतो. सीमेपाशी उभे राहून पाहिले तर ती घटना अजून व्हायचीच असते, असा हा दोन्ही भाषांचा सारखा विचार दिसतो. अशा ठिकाणी इंग्रजीच्या पुलावरून जाण्याचे कारण नाही. मराठीतून थेट उतरावे.

पण मराठीचाही एक खड्डा आहे. त्या दिवशी प्रवाशांना गाडीतून न उतरण्याचे आवाहन केले होते. ते आपण दोन तऱ्हांनी सांगू शकतो: 'मदत येईपर्यंत उतरू नका' आणि 'मदत येत नाही तोपर्यंत उतरू नका'. अर्थ एकच, पण दुसऱ्या वाक्यात एक नकार जास्तीचा आहे. तो नकार मी इमानेइतबारे जपानीत नेला आणि 'कोनाइ मादे' असे लिहिले. सेन्सेईंनी लाल शाईने 'नाइ' खोडले. 'मादे'ला सीमा हवी असते. मदत 'न येणे' ही सीमा होत नाही, ती सीमेआधीची स्थिती असते. आपण मराठीत ती स्थिती आणि सीमा एकाच वाक्यात कोंबतो आणि कोणाचेही काही बिघडत नाही.

आता ती हकीकत. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत वडिलांच्या ओळखीच्या एका काकांचा पितळी सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे. त्यांचा एका जपानी खरेदीदाराशी इंग्रजीतून पत्रव्यवहार सुरू झाला होता. मी जपानी शिकते असे कळल्यावर ते हौसेने म्हणाले, "दोन ओळी त्यांच्या भाषेत लिहून दे. त्यांना बरं वाटेल. लिही, पुढच्या सोमवारपर्यंत नमुने पाठवतो." मी लिहिले: 'राइश्यू नो गेत्सुयोबि मादे साम्पुरु ओ ओकुरिमासु.' अक्षर सुरेख आले होते. काकांनी त्याचे छायाचित्र काढून पाठवून दिले.

दोन दिवसांनी उलट टपाली विचारणा आली, अत्यंत नम्र इंग्रजीत. सोमवारपर्यंत आपण रोज नमुने पाठवणार आहात काय? एकूण किती खेपा अपेक्षित धराव्यात? आणि सोमवारनंतर पाठवणे थांबवण्याचे कारण काय? काकांना काही उमगेना, मला तर त्याहून नाही. खुलाशाची पत्रे जाता-येता सोमवार उलटला. काका मला रागावले नाहीत. पुढचे पत्र त्यांनी पुण्याच्या एका अनुवादकाकडे पाठवले, एवढेच. ते मला रागावण्याहून अधिक लागले.

मी लिहिलेल्या वाक्याचा अर्थ 'सोमवार येईस्तोवर पाठवत राहीन' असा होत होता. 'मादे' हा अखंड चालणाऱ्या क्रियेचा शेवट सांगतो. 'गो-जि मादे मात्सु', म्हणजे पाचपर्यंत थांबणे. इथे पाचपर्यंतचा प्रत्येक क्षण थांबण्याने भरलेला आहे. पण 'पाचपर्यंत ये' म्हणताना येणे हे एकाच क्षणाचे असते, तो क्षण पाचच्या अलीकडे कुठेही असो. तिथे जपानीत 'मादे'ला 'नि' जोडावाच लागतो: 'गो-जि मादे नि किते कुदासाइ.' हा 'नि' आपल्या ओळखीचा आहे. 'पाचला' हे जपानीत 'गो-जि नि', म्हणजे आपला 'ला'. तो काळातल्या एका बिंदूवर टाचणी टोचतो. 'मादे'ने पसरलेल्या पट्ट्यावर कुठेतरी एक टाचणी, म्हणजे 'मादे नि'. हेच 'आइदा' या शब्दातही होते. 'आइदा' म्हणजे त्या सबंध काळात, 'आइदा नि' म्हणजे त्या काळात केव्हातरी. हे समजले की पाठांतराची गरज उरत नाही.

मग मराठीत हा भेद नाहीच का? मला काही दिवस तसे वाटत होते आणि आपल्या भाषेचा थोडा रागही आला होता. पण भेद आहे. फक्त तो 'पर्यंत'मध्ये नाही, क्रियापदात आहे. 'पाचपर्यंत थांब' आणि 'पाचपर्यंत पोच' यांत कोणाचाही घोटाळा होत नाही, कारण थांबणे लांबते आणि पोचणे लांबत नाही. घोटाळा होतो तो दोन्ही प्रकारे घेता येणाऱ्या क्रियापदांपाशी. 'पाचपर्यंत धडा वाच' याचा अर्थ पाच वाजेतो वाचत राहा की पाचच्या आत वाचून संपव? तिथे मराठी माणूस संयुक्त क्रियापद वापरतो, 'वाचत बस' किंवा 'वाचून टाक'. 'बस' आणि 'टाक' इथे तेच काम करतात जे जपानीत 'नि' नसल्याने वा असल्याने होते. याखेरीज 'च्या आत' आहेच. परंतु बोलताना प्रसंगावरून अर्थ कळतो या भरवशावर आपण हे सगळे गाळतो, आणि काकांचे 'सोमवारपर्यंत पाठवतो' जन्माला येते.

इंग्रजीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, तेव्हा तिथून तरी सावध व्हायला हवे होते, असे कोणी म्हणेल. पण आपली इंग्रजीदेखील मराठी 'पर्यंत'वरच चालते. 'टिल मंडे सबमिट करतो' असे वाक्य आपल्या महाविद्यालयाच्या व्हरांड्यात दिवसातून दहादा ऐकू येते. तिथे 'बाय मंडे' हवे हे किती जणांच्या ध्यानी येते? हिंदीच्या 'तक'चीही हीच गत. उल्हासनगरच्या माझ्या मैत्रिणीला मी विचारले, तर सिंधीतील 'ताईं'ने तिचीही जपानी परीक्षेत अशीच फसगत केली होती.

सीमा स्वतः आत धरायची की बाहेर, हाही जुना प्रश्न आहे. पाणिनीच्या व्याकरणात 'आ' या उपसर्गासंबंधी हा भेद केलेला आहे: सीमा वगळली तर 'मर्यादा', सीमा धरली तर 'अभिविधि'. 'आबालवृद्ध' म्हणताना बाल आणि वृद्ध दोघेही आत असतात, हा अभिविधि. 'शुक्रवारपर्यंत सुटी' म्हटले की शुक्रवारीही सुटी, मराठीत आणि जपानीतही. पण 'गणपतीपर्यंत घर रंगवून घेऊ' म्हणताना गणपतीच्या दिवशी रंगारी घरात नको असतो. जपानीतही 'नात्सुयासुमि मादे नि', म्हणजे उन्हाळी सुटीपर्यंत, असे म्हटले की काम सुटी लागण्यापूर्वीच व्हायचे असते. वार असला तर धरायचा, सण वा सुटी असली तर बहुधा वगळायची. दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता हा एकच रिवाज पाळावा याची मला गंमत वाटते.

'मादे'चा आणखी एक उपयोग थोडक्यात सांगते. 'कोदोमो मादे शित्ते इरु', म्हणजे लहान मुलांनासुद्धा ठाऊक आहे. इथे सीमा अंतराची वा काळाची नसून अपेक्षेची आहे. बातमी जिथवर जाईल असे वाटले नव्हते तिथवर ती गेली. आपणही 'पोरासोरांपर्यंत पोचली' म्हणतोच. आणि 'इउ मादे मो नाइ' याचा शब्दशः अर्थ 'सांगण्यापर्यंत जायलाही नको', म्हणजे आपले 'सांगायला नको'. ज्यूदोच्या सामन्यात वेळ संपली की पंच 'सोरे मादे' म्हणतो, 'तिथपर्यंत'. सामना संपतो.

गेल्या हिवाळ्यात काकांचा पुन्हा निरोप आला. पुण्याचे अनुवादक परगावी होते आणि खरेदीदाराला तातडीने कळवायचे होते. मी वही घेऊन कारखान्यात गेले. काका यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाले, "लिही, वीस तारखेपर्यंत माल पाठवतो."

मी पेन उचलले नाही. विचारले, "काका, पाठवत राहणार, की पाठवून टाकणार?"

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, पाठवून टाकणार. एकच खेप आहे."

मी 'मादे'च्या पुढे 'नि' लिहिला.