डोंगरी बुजुर्ग : सेलमधल्या काळ्या भुकटीचे गाव

नाशिकच्या इंदिरानगरातील मुलांना 'खाण' म्हटले की दगडाची खाण आठवेल. जवळचा पांडवलेण्यांचा डोंगर पाहा. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा खडक आहे. अशा खडकातून बांधकामाचा दगड मिळतो. मँगनीजसाठी मात्र राज्याच्या दुसऱ्या टोकाला, भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात जावे लागते. तेथे डोंगरी बुजुर्ग हे गाव आहे. (आपल्याकडील 'बुद्रुक' म्हणजेच हा 'बुजुर्ग'!)

तेथील खडक फार प्राचीन. समुद्रतळावर साचलेला मँगनीजयुक्त गाळ पुढे दाब व उष्णता यांनी बदलून कठीण झाला. फर्मर या भूवैज्ञानिकाने अशा एका खडकाला गोंड लोकांवरून 'गोंडाइट' असे नाव दिले. जमिनीलगतच्या थरावर हवा-पाण्याची क्रिया होऊन त्याचे मँगनीज डायऑक्साइड झाले. म्हणून येथील खाण उघडी आहे. जवळच्या चिखला येथे भुयारात उतरावे लागते.

एरवी गाव वसते ते पाणी आणि सुपीक जमीन पाहून. खाणीची वसाहत थर असेल तेथेच होणार! कामगारांची घरे आली, खनिज नेण्यासाठी तुमसर-तिरोडी रेल्वेफाट्यावर स्थानक आले. या भागातील खाणी पूर्वी ब्रिटिश कंपनीकडे होत्या. 1962 साली 'मॉइल' स्थापन झाली आणि 1977 मध्ये ती पूर्णपणे सरकारी झाली.

आता आपल्या घड्याळातील साधा कोरडा सेल घ्या. बाहेर जस्ताचे भांडे, मध्ये कार्बनची कांडी, तिच्याभोवती काळी भुकटी. ही भुकटी म्हणजे मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड व कार्बन. जस्ताने सोडलेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून फिरून कांडीपाशी येतात आणि मँगनीज डायऑक्साइड ते स्वीकारते. ते नसते तर कांडीवर हायड्रोजन साठून प्रवाह लवकरच मंदावला असता. 1866 मध्ये लेक्लांशे या फ्रेंच संशोधकाने ही युक्ती योजली. डोंगरी बुजुर्गचे खनिज सेलच्या कारखान्यांना हवे असते ते याचसाठी.

पण खनिज पुन्हा उगवत नाही. खड्डा खोल जातो, निरुपयोगी दगडांचे ढीग वाढतात, आणि खनिज संपले की वसाहतीतील रोजगारही जातो. खनिजाचे मोल वाढवण्याचा एक मार्ग येथेच योजला गेला. खनिज भाजून आम्लात विरघळवतात व द्रावणातून वीज सोडतात. तांब्याचा मुलामा देताना तांबे ऋणाग्रावर बसते, हे तुम्ही प्रयोगशाळेत पाहिले असेल. येथे शुद्ध मँगनीज डायऑक्साइड जमते ते धनाग्रावर! असे का, ते शिक्षकांना विचारा.