जुन्या संगणकावर चित्रफीत-संपादन : नवशिक्यास योग्य सॉफ्टवेअरची निवड

अमरावती व अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांत कपाशी हे महत्त्वाचे पीक आहे. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने या पिकाची मोठी हानी केली. ही अळी बोंडात राहून सरकी खाते. त्यामुळे नुकसान बाहेरून चटकन दिसत नाही. डोमकळी कशी ओळखावी, कामगंध सापळ्यातील पतंग कसे मोजावेत, या गोष्टी सांगण्यापेक्षा प्रत्यक्ष दाखविणे अधिक परिणामकारक होय. मोबाईलवर असे चित्रण आता गावोगावी होऊ शकते. तथापि दहा मिनिटांचे विस्कळीत चित्रण कोणी पाहत नाही. आणि त्याची दोन मिनिटांची सुबोध चित्रफीत करण्यात आठवडा गेला, तर सल्ला पोहोचण्यापूर्वीच अळी बोंडात शिरलेली असते. यास्तव आपल्या संगणकावर न अडता चालेल असेच संपादनाचे सॉफ्टवेअर निवडले पाहिजे.

प्रथम संगणक पाहावा

हलकी बैलजोडी जड नांगरास जुंपीत नाहीत. तोच नियम येथे लागू आहे. विंडोज १० असलेल्या संगणकात ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टीम’ व ‘अबाउट’ या क्रमाने गेल्यास रॅम किती आहे आणि संगणक ३२-बिट की ६४-बिट, हे कळते. या दोन नोंदी कागदावर लिहून घ्याव्यात. दाविंची रिझॉल्व्हसारखे व्यावसायिक सॉफ्टवेअर विनामूल्य मिळत असले, तरी त्यास मोठी रॅम व स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागते. जुन्या संगणकावर त्याचा नाद करू नये.

कामाप्रमाणे निवड

१. केवळ नको असलेला भाग कापून तुकडे जोडावयाचे असल्यास ॲव्हिडेमक्स पुरेसे आहे. ते विनामूल्य आहे. त्यात ‘कॉपी’ हा पर्याय ठेवल्यास चित्रण पुन्हा नव्याने तयार करावे लागत नाही. त्यामुळे दुबळ्या संगणकावरही काम लवकर होते. मात्र या पद्धतीत वाटेल तेथे कापता येत नाही. ठरावीक मुख्य चौकटींवरच कापावे लागते. वर व खाली बाणाच्या कळांनी त्या चौकटींवर जाता येते. जोडावयाचे सर्व तुकडे एकाच मोबाईलवर, एकाच मापात घेतलेले असावेत.

२. पडद्यावर मराठी अक्षरे किंवा मागाहून निवेदन घालावयाचे असल्यास शॉटकट घ्यावे. हेही विनामूल्य आहे. परंतु त्याची चालू आवृत्ती ३२-बिट संगणकावर चालत नाही. साध्या मापाच्या चित्रणास ४ जीबी व एचडी चित्रणास ८ जीबी रॅम असावी. त्यातील ‘प्रॉक्सी’ सोय सुरू केल्यास संपादन करताना लहान मापाची प्रत वापरली जाते आणि अखेरची चित्रफीत मूळ चित्रणावरूनच तयार होते.

३. रॅम ४ जीबीहून कमी असल्यास मोबाईलमध्येच सुरुवातीचा व शेवटचा नको असलेला भाग छाटावा.

चित्रण करतानाच भार कमी करावा

मोबाईलच्या कॅमेऱ्यात ७२०पी माप निवडावे. मोबाईलवर पाहावयाच्या चित्रफितीस ते पुरेसे आहे. एच-२६५ ही पद्धत जुन्या संगणकास जड जाते. म्हणून शक्य तेथे एच-२६४ ठेवावी. सापळ्यातील पतंग, डोमकळी व चिरलेले बोंड यांचे चित्रण प्रत्येकी दहा-पंधरा सेकंद हात स्थिर ठेवून केल्यास कापाकापीच थोडी उरते. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात ८ किंवा अधिक पतंग आढळल्यास उपाय योजावा, यासारखा आकडा पडद्यावर मोठ्या अक्षरांत द्यावा; तो ऐकण्यापेक्षा वाचून अधिक लक्षात राहतो.

सावधगिरी

विंडोज मूव्ही मेकर जानेवारी २०१७ मध्ये बंद झाले. त्यानंतर त्याच नावाची फसवी सॉफ्टवेअर निघाली. ती घेऊ नयेत. कोणतेही सॉफ्टवेअर त्याच्या निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावे. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. म्हणून अशा संगणकावर बँकेचे व्यवहार टाळणे इष्ट. जाणकाराच्या मदतीने लिनक्स मिंट बसविल्यास त्यावरही शॉटकट चालते.

निवडीपूर्वी परीक्षा

सोयाबीनचे घरचे बियाणे पेरण्यापूर्वी शेतकरी १०० दाण्यांची उगवण पाहतो. त्याचप्रमाणे हंगामापूर्वीच एक मिनिटाचे चित्रण घ्यावे, दोन ठिकाणी कापावे, एक ओळ लिहावी आणि चित्रफीत तयार होण्यास किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहावे. संगणक वारंवार अडकल्यास खालच्या पायरीचे सॉफ्टवेअर घ्यावे. कपाशी पेरून ४५ दिवस झाले की सापळे लागतात. तोवर हात बसलेला असावा. साध्या सॉफ्टवेअरवर त्याच दिवशी तयार झालेली चित्रफीत, उशिरा आलेल्या देखण्या चित्रफितीपेक्षा शेतकऱ्याच्या अधिक उपयोगी पडते.