पारसची सगळी वीज आणि परत फिरणारे इलेक्ट्रॉन

प्रश्न : आईला किरणोपचारासाठी ज्या यंत्राखाली झोपवत, त्याला तिथले लोक 'लिनॅक' म्हणत. पुढे वाचनात आलं की एका प्रकारचं लिनॅक इलेक्ट्रॉनना दिलेली ऊर्जा परत काढून घेतं. परतच घ्यायची, तर द्यायची कशाला? आणि दवाखान्यातल्या यंत्राला हे जमणार नाही का?
– एक वाचक, मूर्तिजापूर (जि. अकोला)

उत्तर : दवाखान्याचं शेवटी सांगतो. आधी 'द्यायची कशाला' याकडे वळू, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

लिनॅक म्हणजे सरळ रेषेत वेग देणारं यंत्र. धातूच्या पोकळ कप्प्यांची रांग असते, कप्प्यांत रेडिओ लहरी उसळत असतात आणि त्यांच्या रेट्यावर इलेक्ट्रॉन पुढे जातात. अशा वेगवान इलेक्ट्रॉनना चुंबकांच्या रांगेतून डावी-उजवी वळणं घ्यायला लावली की ते प्रखर क्ष-किरण सोडतात. कापसाच्या एकाच तंतूच्या आत सेल्युलोज कसं रचलेलं आहे, हे अशा बारीक किरणांनी पाहता येतं. झोत जितका बारीक आणि सरळ, तितका त्याचा प्रकाश तेजस्वी.

हे काम आज बहुतेक ठिकाणी गोल वलयं करतात. आपल्याला जवळचं वलय इंदूरचं. अकोल्याहून मीटरगेजने अकोट, खंडवा करत इंदूरला गेलेले लोक आपल्याकडे अजून आहेत. तिथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-1 हे वलय 1999 पासून आहे आणि 2005 मध्ये त्याच्या जोडीला 172.5 मीटर परिघाचं इंडस-2 आलं. इंडस-2 मध्ये तेच इलेक्ट्रॉन सेकंदाला सतरा लाखांहून अधिक फेऱ्या मारत तासन्‌तास फिरतात. एकदा दिलेली ऊर्जा टिकते, प्रकाशापायी जेवढी गेली तेवढीच भरून द्यावी लागते. मोठी काटकसर आहे ही.

पण तिची किंमत आहे. प्रकाशाचा कण सोडताना इलेक्ट्रॉनला धक्का बसतो आणि तो नेमका कधी बसेल याला नेम नसतो. लाखो फेऱ्यांत हे धक्के साचतात, झोत फुगतो. सुरुवातीला तो कितीही नीटस असो, काही क्षणांत तो वलय ठरवेल तेवढा जाड होतो. लिनॅकमधून एकदाच धावलेला झोत मात्र कोरा असतो. लेझरच्या झोताने धातूच्या किंवा अर्धवाहकाच्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन उडवले, तेव्हा इलेक्ट्रॉनचा झोत जितका घट्ट होता, तो घट्टपणा बराचसा शेवटपर्यंत राहतो.

मग सगळीकडे लिनॅकच का नको? हिशेब करून पाहा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने आखलेल्या यंत्रात इलेक्ट्रॉनची ऊर्जा 5 अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि प्रवाह 100 मिलिअँपिअर होता. दोहोंचा गुणाकार 50 कोटी वॉट, म्हणजे 500 मेगावॉट. तुमच्या जिल्ह्यातल्या पारसच्या औष्णिक केंद्रात 250 मेगावॉटचे दोन संच आहेत. दोन्ही संच पूर्ण क्षमतेने चालवून निघालेली सगळी वीज एका झोतात ओतायची, आणि एकदा वापरून तो झोत थोपवणाऱ्या ठोकळ्यावर आपटून संपवायचा! हे कुणालाच परवडणार नाही.

यातून वाट 1965 मध्ये कॉर्नेलच्याच मॉरी टिग्नर यांनी सुचवली. नागपंचमीचा झोका आठवा. झोका पुढे जाताना मागून रेटा दिला तर तो चढतो. तोच रेटा तो मागे येत असताना दिला तर तुमचा हात त्याला थोपवतो आणि झोक्याचा जोर हातात येतो. इथेही तसंच. काम आटोपलेला झोत वळवून पुन्हा त्याच कप्प्यांत आणायचा, पण लहरीच्या अर्ध्या लांबीइतक्या फरकाने. लहर 1.3 गिगाहर्ट्‌झची असेल तर हा फरक साडेअकरा सेंटिमीटरचा. इतक्याने वेळ उलटी पडते, रेटा आडवा येतो, इलेक्ट्रॉन मंदावतात आणि त्यांची ऊर्जा कप्प्यातल्या लहरींना मिळते. तीच ऊर्जा मागून येणाऱ्या ताज्या इलेक्ट्रॉनना लागते. ठोकळ्यापाशी पोचताना मंदावलेल्या इलेक्ट्रॉनमध्ये जेमतेम 1 कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट उरले, तर 500 ऐवजी 1 मेगावॉट वाया जातो. शिवाय इतक्या मंद झोताने ठोकळाही फारसा किरणोत्सारी होत नाही.

तेव्हा 'द्यायची कशाला' याचं उत्तर असं : ऊर्जा इलेक्ट्रॉनकडे प्रकाश देण्यापुरतीच हवी असते, आणि तेवढ्यात तिचा अगदी थोडा अंश खर्च होतो. पण म्हणून वीज फुकट मिळत नाही. निओबियमचे अतिवाहक (वीज जवळपास विनारोध वाहू देणारे) कप्पे उणे 271 अंश सेल्सिअसला थंड ठेवावे लागतात आणि तिथली एक वॉट उष्णता बाहेर काढायला शेकडो वॉट मोजावे लागतात. दोन झोत एकाच कप्प्यातून गेल्याने डळमळीत होण्याचीही भीती असते, म्हणून प्रवाह हवा तेवढा वाढवता येत नाही.

हे प्रत्यक्षात झालं आहे. अमेरिकेतल्या जेफरसन प्रयोगशाळेने 1990 च्या दशकाच्या अखेरीस अशा झोतावर लेझर चालवला. कॉर्नेल आणि ब्रुकहेवन प्रयोगशाळा यांच्या यंत्रात डिसेंबर 2019 मध्ये इलेक्ट्रॉन त्याच कप्प्यांतून चार वेळा वेग घेऊन आणि चार वेळा वेग परत देऊन गेले, प्रवाह मात्र अगदी क्षीण होता. कॉर्नेलचं पारसएवढं ते मोठं यंत्र कागदावरच राहिलं. दरम्यान स्वीडनच्या मॅक्स-4 सारख्या नव्या वलयांनी झोत पुष्कळ बारीक केला आणि त्यांच्याशी स्पर्धा अवघड झाली. मला स्वतःला टिग्नर यांची कल्पना अजून संपलेली वाटत नाही. इलेक्ट्रॉनच्या फार छोट्या, फार घट्ट गुच्छांचा झोत वलयाला टिकवता येत नाही, तो इथे मिळतो.

आता तुमच्या आईच्या यंत्राबद्दल. मुंबईच्या 'समीर' संस्थेने अशी देशी लिनॅक घडवली आणि त्यांतलं एक आपल्या विदर्भात, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात बसवलं गेलं. अशा यंत्रात इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या पत्र्यावर आदळवतात आणि त्या धडकेतूनच क्ष-किरण निघतात. धडकेत इलेक्ट्रॉन थांबतात किंवा विस्कटतात, बरीच ऊर्जा पत्रा तापवण्यात जाते. परत आणायला धड झोतच उरत नाही. आणि उपचाराला लागणारा सरासरी प्रवाह इतका थोडा असतो की वाचवण्याजोगं तिथे फार काही नसतंच.