अंदाज शिकायचा कसा?

प्रश्न : सासूबाईंची ज्वारीची भाकरी टम्म फुगते, माझी थापतानाच चिरते. प्रमाण विचारलं की ‘अंदाजानं घाल’ म्हणतात. शिकू कशी?

उत्तर : त्या टाळत नाहीत, त्यांचं प्रमाण खरोखरच हातात आहे. म्हणून शेजारी उभ्या राहून मळा. त्यांचा गोळा दाबून पाहा, लगेच स्वतःचा दाबा. फरक बोटांना कळेल. ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नसतं. उकळतं पाणी घातलं की पिठातला स्टार्च फुगून गोळा धरतो. पुढचं काम तळहातानं रगडण्याचं, आणि बहुतेक जणी घाई करतात ती इथेच. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळा. पीठ कधी दळलंय, हेही विचारा. जुन्या पिठाची विरी जाते, मग कितीही मळलं तरी कडा फाटतात.

तव्यावर टाकल्यावर त्या वरून पाणी फिरवतात. ते पूर्ण वाळण्याआधी भाकरी उलटतात, तो क्षण टिपा. उशीर झाला तर पृष्ठभाग तडकतो, वाफ निसटते आणि भाकरी फुगत नाही.

आणि ‘किती घालू?’ऐवजी ‘आत्ता का थांबलात?’ असं विचारा. याचं उत्तर त्या नक्की देतील.