फुप्फुसांची क्षमता आणि तिचे माप

तंजावरचे दुसरे सरफोजी राजे यांनी आपल्या कारकीर्दीत, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात, धन्वंतरी महाल ही वैद्यकीय संस्था चालविली. तेथील नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत. अशा नोंदींवरून रोग ओळखता येतो. परंतु तो समाजात किती पसरला आहे हे ठरविण्यास निरोगी माणसाचेही माप ठाऊक असावे लागते. फुप्फुसांच्या बाबतीत हे माप ठरविणेच कठीण आहे.

१८४६ साली इंग्लंडमध्ये जॉन हचिन्सन याने स्पायरोमीटर या यंत्राने दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास मोजला. उंचीप्रमाणे क्षमता वाढते व वयाप्रमाणे घटते, असे त्याला आढळले. आज दोन गोष्टी मोजतात: पूर्ण श्वास घेऊन जोराने सोडलेली एकूण हवा, आणि त्यांपैकी पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा. श्वासनलिका अरुंद झाल्यास एकूण हवेच्या मानाने पहिल्या सेकंदाचा वाटा घटतो. फुप्फुसेच लहान किंवा व्रणयुक्त असल्यास एकूण हवा कमी भरते.

श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा रोग २०१६ साली भारतात सुमारे साडेपाच कोटी लोकांना, म्हणजे शेकडा ४.२ जणांना होता, असा अंदाज आहे. त्यामुळे होणाऱ्या हानीत तंबाखूपेक्षा दूषित हवेचा वाटा मोठा होता. चुलीच्या धुराचाही त्यात समावेश होतो.

एकूण क्षमतेचा प्रश्न याहून अवघड आहे. सतरा देशांतील एका पाहणीत, जिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले, कधीही धूम्रपान न केलेल्या व लक्षणे नसलेल्या माणसांची तुलना केली गेली. वय व उंची समान धरूनही दक्षिण आशियातील पुरुषांचा पहिल्या सेकंदाचा श्वास युरोप व उत्तर अमेरिकेतील पुरुषांपेक्षा सुमारे ३१ टक्के कमी भरला. समजा, त्या देशांतील सरासरी ३.५ लिटर आहे आणि तिच्या ८० टक्क्यांखाली, म्हणजे २.८ लिटरांखाली, क्षमता ‘कमी’ मानावयाची आहे. तर दिवसभर भातशेतीत राबणारा तंजावरचा शेतकरी २.४ लिटर श्वास सोडून रोगी ठरेल. उलट, दक्षिण भारतीयांसाठी वेगळी सरासरी घेतली तर तोच शेतकरी निरोगी ठरेल.

या दोन्ही मापांत धोका आहे. पहिल्याने निरोगी माणूस रोगी ठरू शकतो. दुसऱ्याने जन्मतःचे कमी वजन, बालपणीची उपासमार, क्षयरोग व धूर यांनी खुंटलेली वाढ ‘स्वाभाविक’ ठरते. फुप्फुसांची क्षमता कमी असणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक असते, हे लक्षात घेता दुसरी चूक अधिक घातक होय. २०२२ साली वंशभेद न मानणारी समान मापे प्रसिद्ध झाली. तथापि केवळ एका आकड्यावरून निदान करणे योग्य नव्हे. त्याच माणसाचा श्वास वर्षानुवर्षे मोजून त्याची घट पाहणे, हा अधिक विश्वसनीय मार्ग आहे.